जिप्सीचे पुढचे एक्सल आणि दिवे बदलले: एक पावसाळा काढल्यानंतर

डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला परत तेल दिसलं म्हणून हे लिहायला घेतलं. गाडी मारुतीची जिप्सी किंग, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली). बाकीचे तपशील जिप्सीवाल्यांना सांगायला नकोत. सत्तर हजारांच्या घरात खर्च करून पुढचे दोन्ही एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) आणि सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही ते फिरवणारा सांधा) क्रोमोलीचे, म्हणजे चिवट मिश्र पोलादाचे, बसवले. ते आजपर्यंत वाकले नाहीत, तुटले नाहीत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्यासोबत आलेल्या दोन-अडीचशे रुपयांच्या, तेल अडवणाऱ्या रबरी सीलची. पावसाळाभर त्या सीलने माझा जीव खाल्ला.

आधी वापर सांगतो, कारण फक्त रविवारी फिरायला गाडी काढणाऱ्याला यातलं बरंच लागू होणार नाही. राहतो नागपुरात, शेत कोंढाळीच्या पुढे, संत्र्याची बाग. शेतीपंपाची थ्री फेज लाइन पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की जेवण करून निघायचं, अमरावती रोडने जायचं आणि मग पांदण. नागपूरच्या पश्चिमेला सगळा काळा दगड, त्यावरची माती भारी. ओली झाली की फुगते, चाकाला चिकटते, वाळली की छिन्नीने काढावी लागते. पांदणीच्या मध्ये एक नाला आहे. त्याचा पलीकडचा काठ चढताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवावं लागतं, कारण समोरच बाभळीचं झाड आहे आणि ते शेजाऱ्याच्या हद्दीत येतं.

तिथेच जुना जॉइंट गेला. २०५/७० च्या जागी २३५/७५ चे टायर टाकले होते. चाकाचा व्यास सुमारे ६६८ वरून ७३३ मिलिमीटर झाला, म्हणजे जवळपास दहा टक्के वाढला. तेवढाच जास्त पीळ एक्सलवर येतो. शिवाय चाक पूर्ण वळलेलं असताना जॉइंटच्या सहा गोळ्यांवर भार सारखा वाटला जात नाही, काहींवरच येतो, आणि त्यांना धरून ठेवणारा पिंजरा ताणला जातो. त्यात लो रेंजमध्ये (जास्त ओढीच्या गिअरमध्ये) ॲक्सिलरेटर दाबला की पिंजऱ्याला चीर पडते. ही जगभरातल्या जिप्सीवाल्यांची आणि समुराईवाल्यांची (समुराई ही सुझुकीची जिप्सीसारखीच गाडी) जुनी गोष्ट आहे. कंपनीचा जॉइंट २०५ च्या टायरसाठी केलेला, त्याला दोष देता येत नाही.

नवे शाफ्ट निकेल-क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे, ४३४० दर्जाचे. फरक पहिल्याच चढावाला कळला. पूर्वी त्या वळणावर कट-कट आवाज यायचा आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघायचा. आता आवाज नाही. संत्र्याचे कॅरेट भरलेले असतानाही गाडी तो काठ एका दमात चढते. ज्यांनी मोठे टायर टाकले आहेत त्यांनी हे शाफ्ट घ्यावेत, एवढं नक्की सांगतो.

आता सील. जिप्सीचा पुढचा एक्सल सलग असतो आणि दोन्ही टोकांची नकल (चाक जिच्यावर डावी-उजवीकडे वळतं तो भाग) बंद. आतला गोळा ग्रीसने भरलेला. नळीच्या टोकाला आतून एक सील असतं, ते डिफरन्सचं (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल नकलमध्ये येऊ देत नाही. ते गेलं की ऑइल ग्रीसमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि गोळ्याच्या मागच्या रबर-नमद्यातून काळा रस्सा बाहेर येतो. आधी ब्रेकच्या डिस्कवर शिंतोडे, मग घरासमोरच्या फरशीवर डाग. घरच्यांनी गाडी फाटकाच्या बाहेर उभी करायला लावली.

सील बदलायचं म्हणजे नुसतं रबर काढून दुसरं ठोकायचं असं नाही. चाक, कॅलिपर, हब, स्पिंडल, मग शाफ्ट ओढून काढायचा. मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो. नवं मोलीचं ग्रीस, नवं ऑइल, मजुरी असं सगळं धरलं की अडीचशेचं सील अडीच हजारांचं होतं. आणि हे पुन्हा पुन्हा झालं. विकणाऱ्या दुकानाला फोन केला तर ते म्हणाले, वॉरंटी शाफ्टवर आहे, रबरावर नाही. शाफ्टमध्ये खोट असेल तर शाफ्ट कुरिअरने पाठवा, भाडं तुमचं, तपासून कळवू. म्हणजे ऐन पावसाळ्यात गाडी लाकडावर उभी ठेवायची. मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले. त्यांनी दर वेळी त्याच जातीचं सील पाठवलं, आणि दर वेळी पैसे घेऊन पाठवलं. सत्तर हजारांचं गिऱ्हाईक सांभाळायची ही रीत मला पटत नाही. माझा तेव्हाचा ठाम समज असा की शाफ्टवर सील जिथे बसतं तिथलं पॉलिश खरबरीत आहे आणि ते रबर खातं. वरचा सगळा मजकूर त्याच रागात लिहून ठेवला होता.

पुढचं दिवाळीनंतर लिहितोय, आणि मत थोडं बदललं आहे.

वाडीकडचा एक जुना मिस्त्री आहे. सफारीच्या जिप्सी त्याच्याकडे येतात, पेंच-करांडल्याच्या. त्याने व्हर्निअर लावून जुना आणि नवा शाफ्ट मोजला, सीलच्या जागी नख फिरवून पाहिलं. दोन्ही सारखे. मग तो गाडीखाली गेला आणि एक्सलच्या हौसिंगवरचं बोटभर ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड) काढून माझ्या हातात दिलं. आत मातीचा पक्का खडा.

“भाऊ, सील काहून बदलता जी घडीघडी? याचा तर दमच कोंडला आहे,” तो म्हणाला.

झालं असं होतं. अमरावती रोडवर तासभर गाडी चालली की हौसिंग तापतं, आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती हवा सर्वांत कच्ची जागा शोधते, ती म्हणजे सीलचा ओठ. ऑइल तिथूनच ढकललं जातं. नाल्यात शिरल्यावर याच्या उलट होतं. गरम हौसिंग एकदम थंड पाण्यात बुडतं. हवा सत्तर अंशांवरून तीसवर आली तर आतला दाब साधारण बारा टक्क्यांनी उतरतो, आणि त्या ओढीने गढूळ पाणी आत खेचलं जातं. डिफरन्सचा ड्रेन बोल्ट काढला तेव्हा ऑइल दुधाळ निघालं. त्या दुधाळ ऑइलवर महिनाभर गाडी चालली असती तर क्राउन-पिनिअनचे बेअरिंग गेले असते.

उपाय सोपा निघाला. ब्रीदरच्या जागी नळीचा निप्पल, त्यावर आठ मिलिमीटरचा पेट्रोल पाइप, तो इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत वर नेला आणि टोकाला मोटरसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर लावला. पाइपला सैल वळसा ठेवावा लागतो, नाहीतर कमानपाटे खाली झुकले की तो ओढला जाऊन निसटतो. खर्च काही शे रुपये. त्याच वेळी मिस्त्रीने स्थानिक बाजारातलं दुसऱ्या जातीचं सील टाकलं, कारण किटमधल्या सीलचं रबर त्याला जास्त कडक वाटलं. उजवी बाजू तेव्हापासून कोरडी आहे. डाव्या बाजूला परवा जे दिसलं ते नकलमध्ये उरलेलं जुनं मिश्रण आहे असं तो म्हणतो. पुसून ठेवलं आहे, रोज बघतो.

तरी दुकानावरचा माझा राग गेलेला नाही. इतकी सील विकताना ‘ब्रीदर पाहिलं का’ हा एक प्रश्न त्यांना विचारता आला असता. ऑफ-रोडचे भाग विकणाऱ्याला एवढं माहीत असायलाच पाहिजे, आणि उंच ब्रीदरची नळी किटमध्येच यायला पाहिजे.

आता दिवे. इथे मात्र मी फार खूश आहे, आणि ज्याच्यावर जास्त पैसे घातले त्यावर नव्हे.

आधी टपावर एलईडी बार लावला होता. उजेड भरपूर, पण निळसर पांढरा. पांदणीत पुढे एखादा ट्रॅक्टर गेलेला असला की धूळ उभी राहते आणि त्या बारच्या उजेडात समोर पांढरी भिंत तयार होते. उजेड डोळ्यांच्याच उंचीवरून निघतो, त्यामुळे धुळीवर आपटून सरळ डोळ्यांत परततो. शिवाय बॉनेटवर चकाकी. डिसेंबर-जानेवारीत ओलिताच्या बागांमध्ये पहाटे धुकं असतं, तेव्हा तर बार बंद केल्यावरच जास्त दिसायचं. पावसाळ्यात काचेच्या आत पाणी जमलं. हायवेवर तसाही तो झाकून ठेवावा लागतो. काढून टाकला.

मग त्याच मिस्त्रीकडे येणाऱ्या वायरमनने मूळ हेडलाइटच्या मागे मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या सॉकेटवर १२.२. जुन्या बारीक वायरी, स्टिअरिंगखालच्या स्विचचे झिजलेले पॉइंट, गंजलेली अर्थिंग, यांतच बाकीचं मुरत होतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार झपाट्याने उतरतो. बारा टक्के व्होल्टेज गेलं की एक तृतीयांशाहून जास्त उजेड जातो. म्हणजे मी इतकी वर्षं दोन तृतीयांशाहूनही कमी उजेडात गाडी चालवत होतो, आणि टपावर हजारोंचा बार लावून ते भरून काढायला बघत होतो.

त्याने दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच) बसवले, एक अप्परला, एक डिपरला. बॅटरीपासून फ्यूज घालून अडीच एमएमची वायर थेट हेडलाइटपर्यंत, अर्थिंग नवी. स्विचमधून आता फक्त रिले उचलण्यापुरता करंट जातो, त्यामुळे तो तापतही नाही. बल्ब साधेच, ६०/५५ वॉटचे एच फोर. शंभर वॉटचे टाका असं बरेच जण सांगतात. मी टाकले नाहीत, टाकू नका. समोरच्याचे डोळे दिपतात आणि रिफ्लेक्टर करपतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचे बल्बही नकोत. फिलामेंट जिथे असायला हवं तिथे एलईडीची चिप नेमकी बसत नाही, मग डिपरची रेघ फिसकटते आणि उजेड झाडांवर जातो.

सॉकेटवर आता १३.६ मिळतात. कोंढाळीकडे पहिल्यांदा रात्री गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा असलेला रोही (नीलगाय) मला पूर्वीपेक्षा कितीतरी आधी दिसला. तो रस्त्यावर उतरेपर्यंत गाडी हळू झालेली होती. रात्री त्या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला रोही काय नुकसान करतो हे माहीत आहे. बल्ब आता थोडे लवकर जातील, पूर्ण व्होल्टेजवर त्यांचं आयुष्य घटतंच. डॅशबोर्डच्या खणात एक जोडी ठेवली आहे. सगळं मिळून दीड हजारांत झालं. मला विचाराल तर जिप्सीवर पहिला पैसा इथे घाला, टायरच्याही आधी.

बंपरवर खाली दोन पिवळे फॉग दिवे लावले, वेगळ्या स्विचवर. धुळीत आणि धुक्यात तेच चालतात, कारण उजेड खालून जातो आणि रस्त्याची कड दाखवतो. त्यांच्यावर अजून एक हिवाळा काढायचा आहे.

एक काम उरलं आहे. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवलं की किंगपिनमध्ये (नकल ज्यावर वळते त्या खिळीत) खेळ जाणवतो. मोठे टायर, जुने बेअरिंग आणि मधे पाणी शिरलेलं, त्यामुळे हे होणारच होतं. २०१९ पासून नवी जिप्सी बाजारात नाही, तरी सफारीच्या गाड्यांमुळे किंगपिनचे बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) नागपुरात अजून सहज मिळतात. उन्हाळ्यात दोन्ही नकल उघडायच्या आहेत. शाफ्ट परत आत सरकवताना त्याचे दाते सीलच्या ओठाला घासले तर सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून, म्हणून त्या दिवशी सकाळपासून मी स्वतः गॅरेजमध्ये बसणार आहे.