सत्कार, वर्गभेट की अपशिंग्याची सहल? प्राथमिक शिक्षकांसाठी तुलनात्मक आढावा

सातारा जिल्ह्यात माजी सैनिक शोधत फिरावे लागत नाही. कोणाचे आजोबा, कोणाचे चुलते लष्करातून निवृत्त होऊन गावी आलेले असतात आणि हुद्दा कोणताही असला तरी गाव त्यांना ‘मेजर’ म्हणूनच हाक मारते. तरीही पहिली ते चौथीच्या मुलांच्या मनात या माणसांविषयी जाणता आदर निर्माण करायचा, तर शिक्षकांपुढे मुख्यतः तीन पर्याय असतात: मैदानावरचा जाहीर सत्कार, वर्गातली भेट, किंवा सैनिकांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आपल्याच जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावाची सहल.

सत्कार सर्वांत सोपा आहे. 26 जानेवारीच्या ध्वजवंदनाला जोडून तो करता येतो, पालक आणि ग्रामस्थ आलेलेच असतात, आणि गाव एखाद्या माणसाला उभे राहून मान देते हे मुलांना दिसते. ही गोष्ट लहान नाही. परंतु भाषणे मोठ्यांसाठी होतात आणि मुलाला एकही प्रश्न विचारता येत नाही. पाहुणे कोण होते, एवढेही पहिलीच्या मुलाला सांगता येईल याची खात्री नसते.

माझ्या मते लहान मुलांसाठी वर्गभेटच योग्य आहे, मात्र तिची तयारी सत्कारापेक्षा कितीतरी जास्त करावी लागते. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवरायांचा इतिहास आहे आणि प्रतापगड आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे सैनिक म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे लढाईच येते. पाहुण्यांनी समोर बसून ते काय खात, कुठे झोपत, बर्फात पहारा कसा देत, घरची आठवण आली की काय करत, हे सांगितले म्हणजे त्या चित्रात माणूस येतो. लष्करात चालक, स्वयंपाकी, कारकून, संदेशवहन करणारे आणि जखमींची शुश्रूषा करणारेही असतात, हे तर अनेक मोठ्यांच्याही लक्षात नसते. म्हणून निवड करताना हुद्दा किंवा पदके पाहू नयेत; मुलांशी बोलण्याची ज्यांना आवड आहे, अशांना बोलवावे.

धोकाही इथेच आहे. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्यासाठी शिक्षकांनी आधी पाहुण्यांच्या घरी जाऊन, कोणत्या विषयावर त्यांना बोलायचे नाही हे त्यांनाच विचारावे आणि मुलांचे प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्यावेत. आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: त्याच वर्गात एखाद्या मुलीचे वडील आज सीमेवर असू शकतात, आणि मृत्यूचे वर्णन तिच्या कानांवर फार वेगळ्या रीतीने पडते. म्हणून वीरपत्नी किंवा वीरमातेला या वयाच्या मुलांपुढे दुःख सांगण्यासाठी बोलावू नये, असे मला ठामपणे वाटते. भेट अर्ध्या तासाची पुरे, आणि त्यातला निम्मा वेळ प्रश्नांसाठी ठेवावा.

अपशिंग्याची सहल चौथीपासून पुढे विचारात घ्यावी. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात आहे. आपल्या वर्गाच्या पटाशी ही संख्या ताडून पाहिली, की चौथीच्या मुलाला तिचा अर्थ कळू लागतो. पण ते सैनिक ब्रिटिशांच्या राज्यात, परक्या मुलखात का लढले, हे सहा वर्षांच्या मुलाला समजावणे अवघड आहे. शिवाय वाहन, पालकांची संमती आणि परवानगी यांची जुळवाजुळव आलीच.

दिवस निवडतानाही हाच फरक उपयोगी पडतो. 26 जुलैचा कारगिल विजय दिवस भर पावसात येतो, तेव्हा सहल टाळावी. वर्गभेटीला मात्र अडचण नाही. 14 जानेवारीचा माजी सैनिक दिन स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा यांच्या 1953 मधील निवृत्तीची आठवण म्हणून पाळला जातो, पण तो संक्रांतीच्या गडबडीत सापडतो. भेटीसाठी मी 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन सुचवेन. 1949 पासून या दिवशी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या कल्याणासाठी निधी गोळा केला जातो, त्यामुळे भेटीनंतर मुलांना स्वतःच्या हाताने काही देताही येते. गावात योग्य व्यक्ती मिळाली नाही, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र दिवाळीच्या सुटीपूर्वीच द्यावे.