मिग अ‍ॅली टेबलावर: तीन वॉरगेमांपैकी कोणता घ्यावा?

सुरुवातीच्या जेट विमानांची झुंज वॉरगेममध्ये, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळात, मांडायची तर कोरियन युद्धापासून (१९५०-५३) सुरुवात करावी. हवेतून हवेत मारायची क्षेपणास्त्रं त्या आकाशात नव्हती, त्यामुळे शत्रूच्या शेपटीमागे जाऊन तोफांनीच त्याला पाडावं लागे. म्हणजे पद्धत जुनी पंख्याच्या विमानांची, वेग मात्र ध्वनीच्या जवळ पोचलेला. १ नोव्हेंबर १९५० ला सोव्हिएत बनावटीचं मिग-१५ चीन-कोरिया सीमेवरच्या यालू नदीच्या आसमंतात पहिल्यांदा दिसलं. १७ डिसेंबरला अमेरिकी एफ-८६ सेबरने पहिलं मिग पाडलं. पुढे जुलै १९५३ पर्यंत वायव्य कोरियाचा तो पट्टा 'मिग अ‍ॅली', म्हणजे मिगची गल्ली, म्हणून ओळखला गेला.

गेम निवडण्याआधी ही दोन विमानं नीट ओळखून घ्या, कारण गेमची खरी परीक्षा तिथेच होते. मिग हलकं, चढाईला तिखट, आणि फार उंचावर सेबरला वरचढ. सेबर सूर मारताना जास्त स्थिर, जास्त वेगातही हाताला लागणारं. 'ई' मॉडेलपासून त्याची आडवी शेपटी अख्खी हलायची, रडारवर चालणारी नेमयंत्रणाही मिळाली. शस्त्रांत तर दोन टोकं. सेबरच्या नाकात अर्धा इंची सहा मशीनगनी, म्हणजे गोळ्यांचा पाऊस, पण प्रत्येक गोळी लहान. मिगकडे ३७ मिमीची एक आणि २३ मिमीच्या दोन तोफा. ३७ मिमीचे गोळे जेमतेम चाळीस आणि मारा सावकाश. एक नीट बसला तर काम तमाम, पण वळवळणाऱ्या सेबरवर तो बसवणं महाकठीण. या तोफा मुळात जड बॉम्बर पाडण्यासाठी बसवलेल्या होत्या.

बाकी हिशेब उंचीचा आणि वैमानिकाचा. नदीपलीकडे, चीनमधल्या आन्तुंगच्या तळांवरून मिग वर चढून बसायची आणि खाली यायचं की नाही हे तीच ठरवायची. सेबर दक्षिण कोरियातल्या किम्पोहून दोन-तीनशे किलोमीटर उडत यायची आणि तिथे वीसेक मिनिटं थांबून इंधनाच्या काट्याकडे बघत परतायची. वर बसलेल्याचा हा फायदा गेममध्ये कुठे आणि कसा नोंदवला जातो, ते बघा. माझ्या मते निवड या एकाच प्रश्नावर करावी. विमानांची चित्रं आणि पेटीची चकाकी नंतर.

'ब्लड रेड स्काइज' हा वॉरलॉर्ड गेम्सचा खेळ, आणि त्याची 'मिग अ‍ॅली' नावाची पेटीच निघालेली आहे. प्लास्टिकची सेबर आणि मिग त्यातच येतात. इथे उंचीचा आकडाच नाही. प्रत्येक विमानाची तीनपैकी एक स्थिती असते, वरचढ, बरोबरीत किंवा अडचणीत, आणि ती स्टँडवर विमानाचं नाक वर, सरळ किंवा खाली झुकवून दाखवतात. वरचढ विमानं आधी हलतात, आणि स्वतःपेक्षा खालच्या स्थितीतल्या विमानावरच गोळीबार करता येतो. वरचढपणा खर्च करून झटकन वळता येतं, पण मग तुम्ही एक पायरी खाली येता. पहिल्यांदा वाचताना हे पोरकट वाटतं. खेळताना लक्षात येतं की वरून झेप, एक फेरी, पुन्हा वर, हे मिगचं सगळं तंत्र या तीन पायऱ्यांत बसलंय. मार खाल्ला की 'बूम' चकत्या साठत जातात आणि शिल्लक विमानांपेक्षा त्या जास्त झाल्या की तुमची बाजू माघार घेते. शेवटचं विमान पडेपर्यंत लढायची वेळ येत नाही, हे मला फार आवडतं. खरे वैमानिकही तसे लढत नसत.

उणीव विचाराल तर विमानांमधला बारीक फरक पुसट होतो. चढाईत सरस, सुरात सरस अशा खुबी असतात, पण चाळीस गोळ्यांची तोफ हातात घेतल्याची धाकधूक मिळत नाही.

'चेक युवर सिक्स! जेट एज' मध्ये पेटी नाही, फक्त नियमपुस्तक. विमानं आणि षटकोनी घरांचा पट तुमचा तुम्ही जमवायचा. इथे उंचीच्या पातळ्या असतात, वेग असतो, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजू आपापली चाल आधी गुपचूप कागदावर लिहितात. समजा तुमचं मिग सेबरच्या मागे, एक पातळी वर आहे. सेबरवाला डावीकडे झटकन वळेल असं धरून तुम्ही डावं वळण आणि सूर लिहिता. त्याने मात्र सरळ वेग कमी केलेला असतो. चाली उघडल्या की तुम्ही त्याच्या पुढे निघून जाता आणि आता तुमची शेपटी त्याच्या नाकासमोर. अशा वेळी टेबलाभोवती जो हशा पिकतो, त्यासाठीच हा गेम घ्यावा. वैमानिक नवखा की मुरलेला हे आकड्यात येतं, तेही चांगलं जाणवेल इतकं. कोरियाच्या बाबतीत हे अगदी हवंच. दुसऱ्या महायुद्धात लढलेले वैमानिक, सेबरमधले अमेरिकी आणि मिगमधले सोव्हिएत, आणि त्यांच्याच आसपास घाईने तयार केलेली पोरं, असं तिथे खरोखर होतं. एकट्याने खेळणाऱ्यांनी मात्र याच्या वाटेला जाऊ नये. स्वतःपासून स्वतःची चाल कशी लपवणार?

तिसरा 'द स्पीड ऑफ हीट', जे. डी. वेबस्टर यांचा, १९९२ चा, कोरिया आणि व्हिएतनाम दोन्हींसाठी. प्रत्येक विमानाचं वेगळं माहितीपत्रक, आणि प्रत्येक चालीला इंजिनाची ताकद, वेग, उंची, वळणाची तीव्रता, त्याने गमावलेला वेग, सगळं तक्त्यात लिहायचं. हिशेबनीसाची चोपडी सांभाळण्याची हौस असेल तर स्वर्ग. कडक वळण घेतलंत की पुढच्या चालीला वेग घटलेला दिसतो, त्याच्या पुढच्या चालीला आणखी, आणि मग कळतं की मगाचचं वळण महागात पडलंय. जेट विमान पडलेला वेग लगेच का भरून काढू शकत नाही, हे या गेमइतकं कोणी शिकवत नाही. पण माणशी दोन विमानांपलीकडे गेलात तर संध्याकाळ सरते, झुंज सरत नाही. शिवाय जुनी पेटी शोधून काढावी लागते आणि ती वापरलेलीच मिळण्याची शक्यता जास्त.

किती विमानं उतरवायची आहेत, त्यावरूनही बराच निकाल लागतो. २३ ऑक्टोबर १९५१ ला उत्तर कोरियातल्या नामसीच्या धावपट्टीवर हल्ल्यासाठी नऊ अमेरिकी बी-२९ बॉम्बर निघाले, सोबत एफ-८४ लढाऊ जेटांचा ताफा, आणि मिगच्या झुंडीने तीन बॉम्बर पाडले. उरलेल्यांचेही हाल केले. त्यानंतर बी-२९ ची दिवसाची मोहीम जवळपास थांबलीच. हा प्रसंग थोडा आटोपशीर करूनही मांडायचा तर 'ब्लड रेड स्काइज'च हवा. 'स्पीड ऑफ हीट'मध्ये तो मांडायला घेणाऱ्याला माझा लांबूनच नमस्कार.

उलट आपल्याकडचं उदाहरण घ्या. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ बॉयऱ्यावर आपल्या हवाई दलाच्या २२ स्क्वाड्रनची चार नॅट लढाऊ जेट आणि पाकिस्तानची तीन-चार सेबर यांची काही मिनिटांची झटापट झाली. सेबरचे दोन वैमानिक हवाई छत्रीने उतरून आपल्या हाती लागले. एवढी छोटी, तोफांवर निकाली निघालेली झुंज 'चेक युवर सिक्स'मध्ये एका बैठकीत झकास बसते. झुंज खालच्या उंचीवर झाली, त्यामुळे मिगसारखं वर जाऊन बसण्याची मुभा कोणालाच नाही आणि सगळा भार लिहिलेल्या चालीवर येतो.

खर्चाचं म्हणाल तर आयात पेटीवर कस्टम ड्युटी आणि टपाल धरून चला. दोन भिडू आणि रविवारची दुपार एवढंच हाताशी असेल, तर 'ब्लड रेड स्काइज'ची पेटी घेऊन लगेच बसता येतं, डोकं शिणत नाही. चार-पाच जणांचा कट्टा जमत असेल तर 'चेक युवर सिक्स' घ्याच, कोरियासाठी माझा पहिला कौल त्यालाच. षटकोनी पट परदेशातून मागवू नका. घरांची फाइल करून फ्लेक्सच्या दुकानात द्या, चौरस फुटाच्या भावाने छापून मिळतो. फक्त चकचकीत नको, मॅट सांगा. नाहीतर ट्यूबलाइटचा उजेड पटावर पडतो आणि कुठलं विमान कुठल्या घरात आहे यावरूनच भांडणं होतात.