नऊ महिने, दोनशे पानी वही आणि अकरावीतली भाची: सायबर सुरक्षा शिकण्याचा अनुभव

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीने जाहीर केलं की तिला डॉक्टर व्हायचं नाही, सायबर सुरक्षेत जायचं आहे. बहिणीने लगेच मला फोन लावला, कारण आमच्या घरात वायर दिसली की माणसं माझ्याकडेच बघतात. गोव्यात डिचोली भागात टेलिफोन खात्यात माझी तीस वर्षं गेली. २०२० च्या जानेवारीअखेर बीएसएनएलच्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, ७८ हजारांवर लोक एकाच दिवशी बाहेर पडले, त्यातला मी एक. संगणक मला येतो तो बिलं भरण्यापुरता. पण भाची, आमची बाय, अकरावीला आमच्याकडेच राहायला आली (तिच्या गावाहून हायर सेकंडरीला यायचं तर दोन बसगाड्या बदलाव्या लागतात), आणि नऊ महिने रोज संध्याकाळी आम्ही दोघं एका टेबलाशी बसलो. कशाचा उपयोग झाला आणि कशावर पैसे घालू नयेत ते लिहितो. ज्यांची मुलं आता दहावी करून बसली आहेत त्यांना उपयोगी पडेल.

सुरुवात चुकीचीच झाली. ‘एथिकल हॅकिंग’ शिकवणाऱ्या एका क्लासमध्ये गेलो. भिंतीवर टोपी ओढलेल्या, तोंड न दिसणाऱ्या माणसाचं हे मोठं चित्र. समोरचा तरुण म्हणाला, पंचेचाळीस हजार, आज भरलेत तर पस्तीस, आणि बारावीच्या आत मुलगी सीआयएसएसपी होईल. पाचशे रुपये नोंदणीचे भरून घरी आलो आणि रात्री वाचायला बसलो. सीआयएसएसपी या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा पगारी कामाचा अनुभव लागतो. पदवी असेल तर त्यात एक वर्षाची सूट. म्हणजे बायने नोकरी सातवीत धरायला हवी होती! पाचशे रुपये परत मिळाले नाहीत. ते मी शिकवणीची पहिली फी म्हणून खाती टाकले.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. माळ्यावर मुलाला शिकताना सरकारच्या सायबरएज योजनेत मिळालेला डेस्कटॉप होता, त्याच्यावरची धूळ झटकली आणि परत ठेवून दिला. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप घेतला. यूट्यूबवर बघून बायने त्यावर विंडोजच्या पोटात काली लिनक्स (सुरक्षा तपासायची साधनं भरलेली, विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) चालवायचा घाट घातला, तर माउस हलवला की बाण दहा सेकंदांनी हलायचा. शेवटी विंडोज काढून साधं लिनक्स मिंट टाकलं, रॅमची आणखी एक चार जीबीची पट्टी बसवली, आणि नऊ महिने त्यावरच निभावलं. महागडं मशीन नसलं म्हणून कुणाचं अडत नाही.

आता मुख्य गोष्ट. ओव्हरदवायर नावाची फुकट साइट आहे, तिच्यावर ‘बँडिट’ नावाचा खेळ आहे. चित्रं नाहीत, आवाज नाही. आपल्या संगणकावरून एसएसएच या आज्ञेने दूरच्या त्यांच्या संगणकात शिरायचं, तिथे लपवलेला पासवर्ड शोधायचा, तो वापरून पुढच्या पायरीवर जायचं. पहिल्या पायरीचा पासवर्ड ते स्वतःच देतात. बायने तो टाइप केला आणि म्हणाली, “मामा, कीबोर्ड गेला.” स्क्रीनवर काहीच उमटत नव्हतं, टिंबसुद्धा नाही. मी रंगाचा ब्रश आणून कळा साफ केल्या. पाऊण तासाने कळलं की लिनक्सच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना काही दिसतच नाही, तशीच रीत आहे. मुकाट्याने टाइप करून एंटर दाबायचं.

उत्तरं मी इथे फोडणार नाही, साइटवाल्यांची तशी विनंती असते. पण सगळीकडे माहीत असलेलं एक सांगतो, कारण पोरगी शिकली ती तिथे. एका पायरीवर फाइलचं नावच नुसती एक आडवी रेघ आहे. ‘कॅट’ ही आज्ञा फाइल उघडून दाखवते. पण तिला नुसती रेघ दिली की ती समजते, कीबोर्डवरून येईल ते वाचायचं आहे, आणि वाट बघत राहते. आम्हीही वाट बघत राहिलो. वैतागून बायने इंग्रजी अक्षरांत ‘अगं बाई’ असं लिहिलं, तर खाली तेच परत छापून आलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मामा, हा फाइलचं ऐकतच नाही, माझं ऐकतोय.” तिथून पाच मिनिटांत सुटलं. नावाच्या आधी ‘./’ लावून, म्हणजे ‘इथल्याच फोल्डरमधली’ असा पत्ता देऊन, फाइल मागितली. ती पाच मिनिटं मी त्या क्लासच्या पस्तीस हजारांना दिली नसती.

त्या रात्री मी तिला वही आणून दिली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचं डॉकेट, म्हणजे नोंदीचा कागद, असायचं. ‘फोन डेड’ एवढं लिहून भागत नसे. फॉल्ट एमडीएफवर (एक्स्चेंजमधली सगळ्या लाइनींची मुख्य चौकट) आहे, केबलमध्ये आहे, खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये आहे की गिऱ्हाइकाच्या माळ्यावर उंदराने वायर कुरतडली आहे, काय तपासलं, काय सापडलं, कसं काढलं, सगळं यायला हवं. नवीन आलेल्या पोराला सहा महिने जुनी डॉकेटं वाचायला लावली की तो लाइनवर चालायचा. मी वहीत चार रकाने पाडून दिले: तक्रार, तपासलं, सापडलं, काढलं. “तपासलं हा रकाना सगळ्यात लांब असला पाहिजे,” एवढंच सांगितलं. तेव्हापासून ती प्रत्येक पायरीला डॉकेट म्हणते.

वहीची गरज दुसऱ्या कारणानेही पडली. बँडिट आपले पासवर्ड सांभाळून ठेवत नाही. लिहिले नाहीत तर परत पहिल्यापासून. जुलैमध्ये आमच्याकडे कशी लाइट जाते ते गोव्यातल्यांना सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी टिकायची, पण राउटर बंद, म्हणजे जोडणी तुटली. एका फाइलवर अशीच तीन संध्याकाळ गेली. गाठोडं सोडावं तर आत दुसरं गाठोडं, त्यात तिसरं, आणि बांधायच्या पद्धतीही वेगवेगळ्या. सातव्या गाठीला लाइट गेली. पण कुठल्या गाठीला कुठली आज्ञा चालली ते वहीत होतं, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटांत ती परत तिथे पोचली.

भाषेचं मात्र सोपं नाही. बाय चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून सगळं इंग्रजीतून, म्हणजे आपल्याकडे होतं तसंच. पुस्तकी इंग्रजी तिला येतं. पण एका पायरीवर ‘इनहिअर’ नावाचं फोल्डर आहे. तिने शब्दकोश उघडला. अर्थ निघाला ‘अंगभूत असणे’. अर्धा तास ती अंगभूत काय असेल याचा विचार करत होती. ते बापडं ‘इन हिअर’, इथे आत, एवढंच होतं. असे इंग्रजीतले कोपरखळीवजा शब्द या जगात पदोपदी भेटतात. वहीतला मजकूर मी तिला मराठीतच लिहायला लावला. आज्ञा मूळ रूपात, बाकी सगळं मराठीत. आपल्या भाषेत लिहिता येत नसेल तर समजलेलं नाही, ही माझी जुनी खोड.

दुसरी वस्तू सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीची. १९९७ पासून चालू आहे. सायबर सुरक्षेची ओळख करून देणारा फुकट अभ्यासक्रम आहे आणि पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर आहे. अभ्यासक्रम ठीक, थोडा व्याख्यानासारखा. पॅकेट ट्रेसर मात्र मला एवढं आवडलं की बायच्या हातून माउस काढून घ्यायचो. पडद्यावर संगणक, स्विच, राउटर मांडायचे आणि वायरने जोडायचे. दोन संगणक सरळ केबलने थेट जोडले की दिवे लाल, क्रॉस केबल घातली की हिरवे. हे मी हाताने क्रिम्पिंग करून वर्षानुवर्षं केलं आहे, पण त्या वायरीतून काय धावतं ते पहिल्यांदा तिथे बघितलं. छोटं पाकीट एका टोकाहून निघतं, स्विचपाशी थांबतं, चुकीच्या दारी गेलं तर तिथेच टाकून दिलं जातं. ज्यांना ‘हॅकिंग’ म्हणजे काहीतरी जादू वाटते, त्यांच्या पोरांना आधी महिनाभर हे द्या. पाकीट कुठून कुठे जातं हे ठाऊक नसेल तर ते कुणी वाटेत फोडलं हे कळणार कसं?

पैसे भरले की पुढच्या खोल्या उघडतात अशी एक साइटही दोन महिने वापरली. शिकवतात चांगलं. पण रोज आल्याबद्दल ठिणगीचं चित्र मिळायचं, आणि बाय ती ठिणगी विझू नये म्हणून रात्री अकराला उठून सोपा प्रश्न सोडवायची. बंद केलं.

पिकोसीटीएफ ही सायबर सुरक्षेची कोडी सोडवायची स्पर्धा, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची, २०१३ पासूनची, खास शाळकरी मुलांसाठी. तेरा वर्षांपुढचं कुणीही फुकट खेळू शकतं. स्पर्धा मार्चमध्ये होते, पण सरावाचे प्रश्न वर्षभर उघडे असतात आणि लिनक्सची खिडकी ब्राउझरमध्येच मिळते. ज्यांच्याकडे लॅपटॉप धड नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी. गुप्तलिपीच्या पहिल्या प्रश्नांत अक्षरं तेरा घरं पुढे सरकवलेली असतात. बाय हसली, म्हणाली, ही तर आमची ‘च’ची भाषा. पुढचे तितके सोपे नाहीत.

फोटोच्या पोटात लपवलेली माहिती काढायच्या प्रश्नाने आमचं घर जागं झालं. चवथीला मी माटोळीचा (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात ती चौकट) फोटो काढला होता. बायने तो माझ्या फोनमधून केबलने घेतला, एक आज्ञा दिली आणि अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. नकाशात घातले तर टाचणी आमच्या अंगणात, तुळशीच्या बाजूला. व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर ही माहिती गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं, हिच्या मामीनेसुद्धा, जी तोवर आम्हा दोघांना रिकामटेकडे समजत होती.

एक प्रसंग ऑक्टोबरातला. वाण्याच्या दुकानात नवीन सीसीटीव्ही बसला. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरच्या डब्यावर कंपनीचा मूळ पासवर्ड चिकटवलेला, तो बदललेला नाही हे बायच्या लक्षात आलं. रात्री म्हणाली, “मामा, घरून बघू उघडतो का?” मी लॅपटॉप मिटला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. कलम ४३ आणि ६६ मिळून, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात वाईट हेतूने शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे मग पोलिसांना पटवत बसायचं. सकाळी आम्ही दुकानात जाऊन त्यालाच सांगितलं, आणि त्याच्यासमोर, त्याच्याच हाताने पासवर्ड बदलून घेतला. बायला त्याने चिक्की दिली. हे डॉकेट क्रमांक ४१. सराव करायचा तो सरावासाठी उघड्या ठेवलेल्या जागीच, हा धडा कुठल्याही साइटवर घरासारखा शिकवता येत नाही.

पुढच्या वाटा आम्ही तपासल्या त्या अशा. इंजिनिअरिंगला जायचं तर गणित सोडू नका. बायने जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर सायन्स घेतलं. फर्मागुडीला गोवा इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आयआयटीही तिथेच, कुंकळ्ळीला एनआयटी. गणिताची भीती असलेल्यांना बीसीएची वाट आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, आणि डिप्लोमा म्हटलं की नाकं मुरडणाऱ्यांची मला मुळात चीड आहे. आमच्या खात्यातले सगळ्यात चांगले हात डिप्लोमावाल्यांचे होते. फोंड्याला कुर्टीत राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा गोवा परिसर आहे. गुन्ह्याच्या तपासाकडे ओढा असेल तर प्रवेशपत्रक जरूर बघा. प्रमाणपत्रांची घाई बारावीपर्यंत तरी करू नये. नंतर सिक्युरिटी प्लससारख्या सुरुवातीच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला आयुष्य पडलं आहे.

आणि नोकरी कशी असते तेही मुलांना सांगा. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारचे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात. म्हणजे कुणीतरी रात्री दोनलाही पडद्यासमोर जागं हवं. सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा अशाच पाळीच्या असतात. बायच्या आईला हे ऐकून धक्का बसला. मला नाही, मी एक्स्चेंजमध्ये अशाच रात्री काढल्या आहेत.

मार्चची स्पर्धा नेमकी वार्षिक परीक्षेच्या सुमारास आली. बायने रोज एक तास दिला, सोळा प्रश्न सुटले. नंबर कुठे लागला ते तिने बघितलंही नाही. बँडिटमध्ये ती पंचविसाव्या पायरीवर अडली आहे. डॉकेट क्रमांक ८७, तपासलंचा रकाना दीड पान भरला, पुढचे दोन कोरे. ती हायर सेकंडरीला गेली की मीही आता बसतो. माझी वही वेगळी, पाचव्या पायरीवर आहे, आणि तिची वही ती कपाटात कुलपात ठेवते.