विरहिणी ज्ञानेश्वरांची: रूपक की देह?

‘घनु वाजे घुणघुणा’ या ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत, म्हणजे प्रियकराच्या विरहात तळमळणाऱ्या स्त्रीच्या तोंडच्या रचनेत, बोलणारी बाई आहे, लिहिणारा पुरुष. या रचनेचे अर्थ मुख्यतः दोन प्रकारे लावले जातात.

पहिला परंपरेचा: विरहिणी म्हणजे जीव, कान्हा म्हणजे परमात्मा. जीवाने देवापुढे स्त्री व्हायचं, ही भक्तीतली जुनी रीत. वाचन सोपं, पण त्याची घाई फार. ‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी’ ही ओळ उच्चारताच कीर्तनकार तिचा अध्यात्मात तर्जुमा करून मोकळे होतात. अंग पोळतंय ते राहूनच जातं.

दुसरं वाचन त्या अंगापाशी थांबतं. ही वासना बाईची आहे, आणि पुरुष कवी तिला ‘मी’ म्हणतोय, याला ते महत्त्व देतं. मला हे जास्त पटतं. मात्र त्यावरून कवीच्या खाजगी लैंगिकतेचा निकाल लावणं म्हणजे नसती उठाठेव. रचनेच्या शेवटच्या ओळींत तिला आरशात स्वतःचं रूपच दिसेनासं होतं, तिथे स्त्री-पुरुष हा भेदही टिकत नाही. ती ओळ पहिल्या वाचनाशिवाय उलगडत नाही, हेही कबूल.

पण संत जनाबाई आपल्या अभंगात ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’ म्हणत भरल्या बाजारी निघते, तेव्हा रूपकाचं ते पहिलं वाचन तोकडं पडतं. पुरुष कवीने बाईचा आवाज घेतला तर ती भक्ती. बाईचा पदर ढळला तर लोक बोट दाखवणार. दोघांना एकाच मापाने मोजू नये.