लसूणघासाच्या बियातून अमरवेल विकली, आणि वर तिचं औषधपण त्यांनीच विकलं

निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात ज्यांच्या दारात दोन-चार जनावरं आहेत त्यांनी हे जरा वाचा. टेम्पोतून लसूणघासाचं सुट्टं बी विकणारे फिरायलेत. बोलायला एकदम गोड, मराठी घरात मराठी, कन्नड घरात कन्नड, बी 'आनंद-२' जातीचं आहे म्हणून छातीठोक सांगतात. पण साध्या पांढऱ्या पिशवीत, ना टॅग, ना लॉट नंबर, पावती मागितली की "पुढच्या खेपेला देतो". दुकानापेक्षा बरंच स्वस्त म्हणून आमच्या गल्लीत चार-पाच घरांनी घेतलं, आमच्या आप्पांनी दहा गुंठ्यांपुरतं अडीच किलो घेतलं.

उगवण झकास झाली, त्यात काही खोट नाही. पण पहिली कापणी जवळ आली तसे घासात मधेच पिवळे-नारिंगी धागे दिसायला लागले. एका काडीवरून दुसरीवर, तिसरीवर, पान एकपण नाही, आणि मूळ शोधायला खाली हात घातला तर मूळच नाही. अमरवेल अशीच असते, बी उगवलं की नुसता दोरा वर येतो, थोड्या दिवसात आधार गावला नाही तर मरतो, पण काडीला एकदा विळखा बसला की आत शोषमुळं घुसवते आणि खालचं मूळ वाळवून टाकते, मग सगळं खाणंपिणं घासाच्या जीवावर. तंबाखूवर जगणारं बंबाखू हे तण आमच्याकडं पोराटोरांनापण ठाऊक, पण ते मुळाला लागतं, हे वरच्या वर, त्यामुळं पहिल्यांदा कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आता खरी लबाडी ऐका. आप्पांनी त्या माणसाला फोन केला तर म्हणतो, "आप्पा, घासाला जोर आलाय, ते कोवळे तंतू हैत, दोन कापण्या झाल्या की आपोआप जातील." ह्याला नक्की माहीत होतं काय आहे ते. कापणीत वेलीचे तुकडे विळ्याबरोबर आणि भाऱ्याबरोबर सगळ्या वाफ्यात गेले आणि प्रत्येक तुकडा नव्या काडीला चिकटला. मग बारीक पांढरट फुलांचे गुच्छ आले, म्हणजे पुढं बी, एका वेलीला हजारोंनी, आणि ते बी जमिनीत दहा वर्षांच्या वरपण जिवंत राहतं.

एवढं झाल्यावर तोच माणूस बाटली घेऊन दारात हजर! "फक्त अमरवेल मरणार, घासाला काय होत नाही." लेबल खरवडलेलं. फवारलं तर घास आणि वेल दोन्ही करपले, वैरण जनावराला घालायची सोय राहिली नाही, उसाचं वाडं विकत आणायची वेळ आली, आणि थोड्या दिवसांनी काडीभोवती राहिलेल्या विळख्यातून वेल परत फुटली. तेव्हापासून फोन बंद.

कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रातल्या (म्हणजे शेतकरी संपर्क केंद्रातल्या) साहेबांनी सरळ सांगितलं, उभ्या घासात घास सोडून फक्त अमरवेल मारणारं औषध म्हणून कुणी काय विकत असेल तर घेऊच नका. पेंडिमेथॅलिन असतंय पण ते उगवणीच्या आधीचं, प्रमाण विचारूनच मारायचं. वेल दिसली की फूल यायच्या आत तो पट्टा जमिनीलगत घासासकट कापून तिथंच वाळवून जाळायचा, कुंपणावर फेकायचा नाही, कुंपणावर परत धरते. बी धरलेला घास जनावराला पण नको, ते बी पोटातून जिवंत बाहेर पडतं आणि शेणखतातून दुसऱ्या रानात जातं (आमचं एक खत टाकून झालंय, काय करणार). आम्ही आता त्या तुकड्यात मका घेतोय, मक्या-ज्वारीवर ही वेल जगत नाही, पण कांदा-मिरची करू नका, त्यावर धरते.

बी घेताना एक करा, चिमूटभर तळहातावर घेऊन मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघा. लसूणघासाचं बी पिवळसर, गुळगुळीत, मूत्रपिंडाच्या आकाराचं. अमरवेलीचं त्याहून बारीक, खसखशीपेक्षा किंचित मोठं, मातकट आणि खरबरीत. एक मिलिमीटरच्या चाळणीतून बरंच खाली पडतं, सगळं नाही. प्रमाणित बियाला निळा टॅग असतो आणि लसूणघासाच्या प्रमाणनात अमरवेलीचं बी आक्षेपार्ह तण म्हणूनच धरलंय, म्हणून टॅगवाल्या बियाचे चार पैसे जास्त गेले तरी द्या.

तक्रार आम्ही तालुक्याच्या कृषी ऑफिसात दिलीय, पण पावती नाही म्हणून अडलंय. ज्यांनी ह्याच टेम्पोतून घेतलंय आणि अजून पेरलं नाही त्यांनी पेरू नका, आणि टाकून पण देऊ नका, पिशवीसकट ठेवा, फोनपे केलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि ऑफिसात घेऊन या, तेवढाच एक पुरावा होईल.