मुदत हुकलेले विवरणपत्र आणि विलंब माफीचा अर्ज

आयकराचे विवरणपत्र भरायचे राहून गेले आणि परतावा मात्र येणे आहे, अशा करदात्यासाठी आयकर विभागाच्या पोर्टलवर विलंब माफीच्या अर्जाची सोय आहे. वडिलांसाठी मी ती नुकतीच वापरली, त्यावरून हा अभिप्राय.

जून २०२३ मध्ये वडिलांना पक्षाघात झाला. आदल्या आर्थिक वर्षात मुदत ठेवींच्या २,४०,००० रुपये व्याजावर २४,००० रुपये टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापला गेला होता, कारण उत्पन्न करपात्र नाही, तेव्हा कर कापू नये, असे ज्येष्ठ नागरिकाने कळवायचा १५एच फॉर्म द्यायचा आम्हीच विसरलो होतो. दुसरे उत्पन्न नसल्याने कर मात्र शून्य होता. ३१ जुलै गेली आणि उशिरा भरण्याची ३१ डिसेंबरची मुदतही रुग्णालय आणि फिजिओथेरपी यांच्या धबडग्यात निघून गेली. त्यानंतरही अद्ययावत विवरणपत्र भरता येते खरे, पण त्यात परतावा मागता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उरला तो आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११९(२)(ब) खालचा विलंब माफीचा अर्ज.

या अर्जांबाबत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑक्टोबर २०२४ रोजी नवे परिपत्रक काढले. त्यानुसार १ कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांवर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त, ३ कोटींपर्यंत मुख्य आयुक्त आणि त्यापुढे प्रधान मुख्य आयुक्त निर्णय घेतात. मे २०२३ पर्यंत आयुक्तांची मर्यादा केवळ १० लाखांची होती आणि ५० लाखांवरील प्रकरण थेट मंडळाकडे जात असे, हे पाहता ही सुधारणा मोठी आहे. मात्र अर्ज करण्याची मर्यादा कर निर्धारण वर्षाच्या (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून सहा वर्षांची होती ती पाच वर्षांवर आणली, हे मला तितकेसे पटले नाही.

अर्जात खरा कस लागतो तो कारणाच्या रकान्यात. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ एवढेच होते. ओळखीच्या सीएंनी तो वाचून बाजूला ठेवला आणि विचारले, ‘‘ऑगस्टमध्ये डिस्चार्ज मिळाला ना, मग डिसेंबरपर्यंत काय अडले?’’ प्रश्न रास्तच होता. दावा खरा आणि बिनचूक आहे का, आणि प्रकरणात खरीखुरी अडचण होती का, एवढेच अधिकाऱ्याने पाहायचे असते, आणि नुसत्या हळहळीने ती अडचण सिद्ध होत नाही. मग डिस्चार्ज कार्ड, उजवा हात चालत नसल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, डिसेंबरअखेरपर्यंतच्या फिजिओथेरपीच्या पावत्या आणि कापलेल्या कराची नोंद दाखवणारे २६एएस विवरण असे सगळे तारीखवार लावून जोडले. मधल्या एका महिन्याच्या पावत्या माझ्याच हलगर्जीपणाने राहिल्या, त्या मागवल्या गेल्यावर सादर केल्या.

अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा, असे परिपत्रक सांगते. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द मला खुपतो, कारण मुदत चुकलेल्या नागरिकासाठी तसा शब्द कायद्यात कुठेच नाही. आमचा आदेश चार महिन्यांत आला, म्हणून व्यक्तिशः माझी तक्रार नाही. उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज न देण्याची अट मात्र, विलंबाचे कारण सरकारने स्वतःच खरे मानल्यानंतरही लागू राहते, ती मला कठोर वाटते.

मंजुरी म्हणजे परतावा, असा समज करून घेऊ नये. या आदेशाने केवळ विवरणपत्र भरण्याचा हक्क मिळतो. ते भरताना कलम ११९(२)(ब) हा पर्याय निवडून आदेशाचा तपशील घालावा लागतो, आणि दाव्याची छाननी त्यानंतर नेहमीप्रमाणे होतेच. मी या सोयीला पाचपैकी साडेतीन गुण देईन. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी तेवढी विसरू नका, कारण ती हुकली की त्याच पोर्टलवर, त्याच जागी, आणखी एक विलंब माफीचा अर्ज भरावा लागतो.