साताऱ्यात चौदा महिने इलेक्ट्रिक गाडी: हायब्रिड घ्यावी की हीच?

४५ युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, घरच्या पार्किंगमध्ये ७.२ किलोवॅटचा चार्जर, १४ महिने, साधारण २१ हजार किलोमीटर. रोजची धाव शहरातली, महिन्यातून दोन-तीनदा पुणे, अधूनमधून महाबळेश्वर, कास आणि सांगली. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं ४० ते ५० युनिटच्या कुठल्याही गाडीला लागू आहे. हायब्रिडशी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाडीशी, तुलना सतत येईल, कारण ऑन-रोड किमतीत दोन्ही आता एकमेकींजवळ येतात: इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के.

आधी नावांचा घोळ मिटवू. ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून विकली जाणारी मारुती ही माइल्ड हायब्रिड आहे. तिची छोटी मोटर इंजिनाला हात देते, एकटी गाडी ओढत नाही. खरी, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड हवी असेल तर ग्रँड व्हिटाराचं तेच व्हेरियंट, टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस किंवा होंडा सिटी ई:एचईव्ही पाहावी लागते. हायरायडरची हायब्रिड बॅटरी जेमतेम ०.७६ युनिटची आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पसरणीच्या घाटात तो कामाला येतो.

पसरणीचा घाट म्हणजे वाई ते पाचगणी, बारा-तेरा किलोमीटरांत पावणेसहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. माणसं धरून १८०० किलोची गाडी एवढी वर न्यायला नुसत्या उंचीसाठी पावणेतीन युनिट लागतात. टायरचं घर्षण आणि मोटरमधला तोटा धरला की चारच्या आसपास, म्हणजे ४५ युनिटच्या बॅटरीतले नऊ टक्के. उतरताना मोटरच वेग आवरते आणि वीज बनवते (हेच रिजनरेशन), त्यातून सव्वा ते दीड युनिट परत मिळतं आणि वाईत पोचेपर्यंत स्क्रीनवरचा आकडा तीनेक टक्क्यांनी वाढलेला दिसतो. ब्रेक पेडलला फारसा पाय लागत नाही. उलट ०.७६ युनिटच्या बॅटरीत उतरणीची वीज साठवायला जागाच नसते. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत ती भरते, मग वेग आवरायला गाडी इंजिन मोकळं फिरवते आणि ते गुरगुरायला लागतं. हा बिघाड नाही, पण घाटातली उरलेली ऊर्जा वायाच जाते. चढतानाही तेच: बॅटरी लवकर रिकामी होते आणि तीन सिलिंडरचं इंजिन एकटं ओरडत राहतं.

इथे एक खबरदारी. पाचगणी-महाबळेश्वरला मुक्काम असेल तर तिथे बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नका. भरलेली बॅटरी वीज परत घेत नाही, रिजनरेशन जवळजवळ बंद होतं आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. ८५ टक्क्यांवर थांबवा. साताऱ्याहून वर जाताना हा प्रश्न येत नाही.

खरा निकाल मात्र पार्किंगच्या भिंतीवर लागतो. गाडीसोबतचा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो आणि ताशी तीन युनिटच्या आसपास भरतो. तो सात-आठ तास सलग १३-१४ अँपिअर ओढतो आणि गिझरसाठी बसवलेलं साधं सॉकेट एवढं सोसत नाही. पिना गरम होतात, प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. इंडस्ट्रियल सॉकेट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), एवढं पहिल्या दिवशीच करून घ्या. ७.२ चा चार्जर असेल तर ६ चौरस मिलिमीटर, अंतर जास्त असेल तर १०. ४० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की शॉक बसण्याआधी लाइन तोडणारा स्विच. ही लाइन घरच्या इन्व्हर्टरवर चुकूनही येता कामा नये. घरांचा मंजूर भार बऱ्याचदा दोन-तीन किलोवॅटच असतो, म्हणून महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आधी टाका. वेगळं ईव्ही मीटर मिळत असेल तर घ्याच, नाहीतर गाडीची वीज घरच्या बिलाला वरच्या स्लॅबमध्ये ढकलते.

आणि अर्थिंग. आपल्याकडे वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाळ्यात घेतलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये कोरडं पडतं आणि चार्जर लाल दिवा लावून थांबतो. मालक चार्जरला दोष देतो, सर्व्हिसवाला गाडीला, आणि खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं की सगळं सुरळीत होतं. अर्थचा रोध ५ ओहमच्या आत आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अपार्टमेंटमध्ये सामायिक अर्थिंग असेल तर स्वतःचं वेगळं घ्या.

पुणे-सातारा जाऊन-येऊन २२० किलोमीटर. शंभरच्या वेगाने एसी लावून १०० किलोमीटरला १६-१७ युनिट जातात, ८० च्या वेगाने १३. म्हणजे शंभरने गेलात तर भरलेल्या बॅटरीतले ऐंशी टक्के संपतात. पुण्यात इकडेतिकडे फिरायचं असेल तर तिथे अर्धा तास चार्ज करावंच लागतं. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट आहे आणि सातारा पुण्यापेक्षा उंच आहे, म्हणून येताना नेहमी थोडं जास्त जातं. जातानाच्या हिशोबावर परत निघू नका. हायवेवर ६० किलोवॅट लिहिलेल्या चार्जरला दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतील तर दुसरी गाडी लागताच बहुधा प्रत्येकीला ३० मिळतात आणि चाळीस मिनिटांचा थांबा सव्वा तासाचा होतो. महाबळेश्वरला जोडून सुट्ट्या आल्या की रांग धरूनच चाला.

हायब्रिडची बाजू इथे भक्कम आहे. पंपावर पाच मिनिटं, की पुढे नागपूरपर्यंत काळजी नाही. पण शहरात २४-२५ देणारी गाडी सलग शंभरच्या वेगात १८ ते २० वर येते, कारण ब्रेकच लागत नाही तर वीज कुठून जमणार? शिवाय ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडला डिकी २६५ लिटरची मिळते, साध्या गाडीला ३७३. गावाकडून तांदळाचं पोतं आणणाऱ्यांनी डिकी उघडून पाहावी.

प्लग-इन हायब्रिडवर, म्हणजे मोठी बॅटरी प्लग लावून भरायच्या हायब्रिडवर, फार लिहिण्यासारखं नाही. आपल्याकडे ती महागड्या गाड्यांपुरतीच आहे. कल्पना चांगली: रोजचे साठ किलोमीटर विजेवर, लांबचं पेट्रोलवर. पण रोज रात्री प्लग लावला नाही तर ती जड बॅटरी वाहणारी पेट्रोल गाडीच उरते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या प्रत्यक्ष वापराच्या आकड्यांत या गाड्यांचं उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं. ज्याच्याकडे रोज प्लग लावायची सोय आहे, त्याने सरळ इलेक्ट्रिकच पाहावी.

खर्च असा मांडा. चार्जिंगमधला तोटा धरून मीटरवर १०० किलोमीटरला १७ युनिट. युनिट १० रुपये धरलं तर किलोमीटरला १ रुपया ७० पैसे. बाहेर २२ रुपयांनी भरलं तर पावणेचारच्या आसपास. हायब्रिड २२ ची सरासरी देत असेल आणि पेट्रोल १०५ धरलं तर पावणेपाच. घरी चार्जिंग नसेल तर फरक एवढा आटतो की रांगेत उभं राहण्याचं मोल सुटत नाही. अशांनी हायब्रिड घ्यावी, मनात किंतु न ठेवता.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी: १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. जंप स्टार्टर जवळ ठेवा. एलएफपी बॅटरी आठवड्यातून एकदा शंभरपर्यंत भरा, नाहीतर टक्केवारी चुकते आणि १८ वरून एकदम ११ दिसते. गाडी जड आणि उचल दांडगी असल्याने टायर लवकर झिजतात, आठ हजारांना अदलाबदल करा. सांगलीकरांसाठी महत्त्वाचं: बॅटरीवरचं आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०१९ सारखा दिवसचे दिवस थांबणारा पूर त्यात बसत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांकडे सरकलं की गाडी उंचावर हलवा, चार्जरचा एमसीबी पाडा.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी एक चाचणी करा. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, जिथे चार्जर लागणार तिथल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा आणि व्होल्टेज लिहून घ्या. मग त्याच लाइनवर दोन किलोवॅटचा गिझर लावून पुन्हा मोजा. गिझर नऊ अँपिअर ओढतो. तेवढ्यावर सहा व्होल्ट पडले, तर ३१ अँपिअरवर वीस पडणार. आधीच २०० वर असलेली लाइन १८० वर येईल आणि चार्जर मध्यरात्री बंद पडेल. असं दिसलं तर वायरमन आधी, गाडी नंतर.